जुन्या मॅकबुकवर लिनक्स टाकताना: पेचकसापासून मराठी कीबोर्डपर्यंत, कोकणातल्या हवेचा विचार धरून

गेल्या गणपतीत काका मुंबईहून आले ते बॅगेत एक मॅकबुक घेऊन. पुतणीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे गो, बंद नाय पडलेला, पण आता काय अपडेट होत नाय त्याच्यावर." १३ इंची मॅकबुक प्रो, २०१२ चं. त्यावर कॅटालिना होती, म्हणजे २०१९ ची सिस्टिम, तिचे सिक्युरिटी अपडेट २०२२ मध्येच थांबलेत आणि क्रोमची नवीन व्हर्जनं पण तिच्यावर आता येत नाहीत. पुतणी अकरावी सायन्सला, तिला मशीन हवं होतं प्रोजेक्टला, पीडीएफ वाचायला, थोडं पायथन शिकायला. मी देवगडच्या बाजूला राहतो, आणि आमच्या वाडीत अशी चाकरमान्यांनी आणलेली जुनी मॅकबुकं मी आता बरीच हाताखालून घातलीयत, त्यामुळे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. कारण ही मशीनं लोक भंगारात देतात किंवा माळ्यावर टाकतात, आणि मॅकओएसच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली तर त्यातली बरीचशी आणखी चार-पाच वर्षं आरामात चालतील अशी असतात. प्रोसेसर कमी पडतो म्हणून लिनक्स बसत नाही असं मी अजून एकदाही बघितलेलं नाही, अडतं ते वायफायच्या चिपवर, फुगलेल्या बॅटरीवर आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेनं गंजलेल्या कनेक्टरवर. म्हणून या लेखात इन्स्टॉलपेक्षा या तीन गोष्टींवरच जास्त बोललोय.

आधी मशीन कुठल्या सालचं ते बघा

मॅक चालू होत असेल तर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा आणि 'अबाउट धिस मॅक' उघडा, तिथं साल लिहिलेलं असतं. चालू होत नसेल तर उलटं करून खालच्या बारीक अक्षरात बघा. ए१२७८ हा नंबर दिसला म्हणून लगेच २०१२ समजू नका, हाच नंबर २००८ च्या शेवटापासून २०१२ पर्यंतच्या सगळ्या १३ इंची अ‍ॅल्युमिनियम मॅकबुकांवर आहे. त्याच ओळीत ईएमसी म्हणून आणखी एक नंबर असतो, तो २५५४ असला तर २०१२ चं मधलं मॉडेल. अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाईलनं फोटो काढून झूम करूनच वाचायला लागतात.

साल का महत्त्वाचं ते सांगतो. २००६-०७ ची बरीच मशीनं ३२ बिट ईएफआयची (ईएफआय म्हणजे मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) आहेत, त्यांच्यावर आजचा साधा पेनड्राइव्ह बूटच होत नाही, म्हणजे त्यावरून मशीन सुरूच होत नाही, आणि सगळ्यात पहिल्या कोअर ड्युओवाल्यांचा तर प्रोसेसरच ३२ बिटचा, त्यांच्या मागे लागू नका. २००८ ते २०१० च्या मशीनवर लिनक्स चालतं पण एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक्समुळे कधीकधी काळी स्क्रीन येते. २०११ ची १५ आणि १७ इंची प्रो कुणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका, त्यांची एएमडीची ग्राफिक चिप जाते, खुद्द ॲपलनं २०१५ मध्ये त्यासाठी फुकट दुरुस्तीची योजना काढलेली, ती कधीच संपली. २०१२ ते २०१५ हा सगळ्यात चांगला पट्टा, डोळे झाकून घ्यावा असा. २०१६-१७ च्या प्रोमध्ये आवाजाच्या ड्रायव्हरची (तो भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) कटकट आहे. आणि २०१८ पासून २०२० पर्यंतच्या इंटेल मॅकबुकांत टी२ नावाची चिप आली, तिच्यासाठी वेगळं केलेलं कर्नल (लिनक्सचा गाभा) लागतं आणि आधी रिकव्हरीत जाऊन सिक्युअर बूट बंद करून बाहेरच्या डिस्कवरून बूट व्हायची परवानगी द्यावी लागते. एम१ आणि पुढच्यांचा मार्ग पूर्ण वेगळा, त्यांच्यासाठी 'असाही' (Asahi) नावाचं वेगळं लिनक्स आहे, पण त्यावर इथं लिहीत नाही.

काका मुंबईला परत जायच्या आधी

हे काम लोक हमखास विसरतात. ज्याचं मशीन आहे तो माणूस समोर असतानाच त्याच्याकडून आयक्लाउडमधून साइन आउट करून घ्या, 'फाइंड माय' बंद करा, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून द्या. आणि एकदा मशीन बंद करून ऑप्शन की दाबून चालू करून बघा, कुलपाचं चित्र आलं तर त्याला फर्मवेअर पासवर्ड, म्हणजे सिस्टिम सुरू व्हायच्या आधीचाच पासवर्ड, लावलेला आहे. तो पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर पेनड्राइव्हवरून बूट होणार नाही, मग पुढचं सगळं तिथंच अडलं. शिमग्यापर्यंत काका परत येणार नाहीत आणि फोनवर त्यांना दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड आठवणार नाही. आमच्याकडे एका शेजाऱ्याचं मशीन नेमकं याच कारणानं सहा महिने पडून होतं.

दुसरं, मॅकओएस पुसायच्या आधी त्या मशीनला चालते ती शेवटची मॅकओएस टाकून सगळे अपडेट मारून घ्या. मॅकचं फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येतं, नंतर लिनक्समधून ते मिळत नाही.

उघडून साफ करणं

मी हे इन्स्टॉलच्या आधी करतो, कायम. मुंबई काय, देवगड काय, दोन्हीकडे समुद्राची हवा, आणि त्यात आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. २०१२ च्या नॉन-रेटिना प्रोला तळाला दहा स्क्रू आहेत, साधे फिलिप्सचे, डबल झिरो साइझचा पेचकस लागतो. तीन लांब, सात आखूड. एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि स्क्रू काढला की त्याच जागी कागदात टोचून ठेवा, नाहीतर लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की झाकण नीट बसत नाही. एअर आणि रेटिनाला मात्र पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू असतो, त्याचा पेचकस ऑनलाइन मागवावा लागतो, साध्या पेचकसानं प्रयत्न करू नका, स्क्रूचं डोकं खराब झालं की ड्रिल करायची वेळ येते.

झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं, सरळ वरती उचलून. मगच बाकी कशाला हात लावायचा.

पुतणीच्या मशीनचा ट्रॅकपॅड दाबला जात नव्हता, म्हणजे बोट फिरवलं की बाण हलायचा पण क्लिक व्हायचं नाही. मी उघडलं तेव्हा बॅटरीचे सेल तव्यावर फुगलेल्या घावनासारखे वर आलेले, बरोबर ट्रॅकपॅडच्या खालीच. ट्रॅकपॅड खराब नव्हताच, बॅटरी त्याला आतून रेटत होती. हे लक्षण पक्कं लक्षात ठेवा. ट्रॅकपॅड कडक झाला किंवा लॅपटॉप टेबलावर डगडग हलायला लागला तर चार्जिंग तिथंच थांबवा. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, वाकवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, चुलीत तर अजिबात नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्याकडे कचरा परसात जाळायची सवय आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. या मॉडेलला बॅटरी तीन कोनांच्या ट्राय-विंग स्क्रूनं बसवलेली असते, तो पेचकस बऱ्याचदा नवीन बॅटरीबरोबरच मिळतो.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर मशीन चालतं, पण मॅक अशा वेळी प्रोसेसरचा वेग मुद्दाम खूप खाली आणतो, त्यामुळे कुणी म्हणालं की "लिनक्स टाकलं तरी स्लोच आहे" तर मी पहिला प्रश्न विचारतो की बॅटरी जागेवर आहे का. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल सांगता येत नाही, बॅटरीशिवाय मशीन ठेवण्यात अर्थ नाही. नवीन बॅटरी घ्याच.

आता गंज. बोर्डावर कनेक्टरच्या आजूबाजूला हिरवट-पांढरी पूड दिसली तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश घेऊन हलक्या हातानं साफ करा, पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. मोबाईल भिजला की तांदळाच्या डब्यात ठेवतात तो उपाय इथं नको, तांदळाची पूड पंख्यात जाते आणि क्षार आहेत तिथंच राहतात. पंख्यातली धूळ ब्लोअरनं काढताना पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं पंखा भलत्याच वेगात फिरून खराब होतो. चार्जरच्या मॅगसेफ टोकाच्या पिना पण बघा, त्यातली एखादी काळी पडलेली किंवा आत अडकलेली असते आणि माणूस नवीन चार्जर घ्यायला निघतो.

एसएसडी आणि रॅम

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर एसएसडीवर करा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर कुठलंही लिनक्स टाका, रडतखडतच चालणार. साधी अडीच इंची साटा एसएसडी, २४० किंवा २५६ जीबीची, पुरे. हार्डडिस्कला दोन स्क्रूची एक पट्टी असते, ती सोडवा, डिस्क हळू उचला, केबल काढा, डिस्कच्या कडांना चार खुंट्या आहेत त्या टी६ टॉर्क्सनं काढून नवीन एसएसडीला लावा, झालं.

रॅम डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, लॅपटॉपची. कागदावर ८ जीबीच जास्तीत जास्त लिहिलंय पण ८-८ च्या दोन पट्ट्या टाकून १६ जीबी व्यवस्थित चालते. अभ्यासाला ८ भरपूर झाली. एअर आणि रेटिनाची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही, तिथं जे आहे त्यातच भागवायचं.

या १३ इंची मॉडेलची एक दुखरी जागा आहे ती आताच सांगून ठेवतो. हार्डडिस्ककडे जाणारी चपटी रिबन केबल. इतक्या वर्षांत ती झिजते आणि लक्षणं अशी दाखवते की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. माझं इन्स्टॉल दोनदा अर्ध्यावर अडकलं, इनपुट-आउटपुट एरर म्हणून. मी पेनड्राइव्ह बदलला, फाइल परत डाउनलोड केली, एक अख्खा दिवस गेला. शेवटी एसएसडी बाहेर काढून यूएसबीच्या साटा केबलवर लावली तर इन्स्टॉल सुरळीत. म्हणजे दोष आतल्या केबलचा. ही परीक्षा सगळ्यात सोपी: बाहेरून चालते आणि आतून चालत नाही तर केबल बदला. नवीन केबल बसवताना ती जिथं अ‍ॅल्युमिनियमवर घासते तिथं खाली इलेक्ट्रिकलची टेप लावा.

कुठलं लिनक्स घ्यायचं

लिनक्सचे वेगवेगळे प्रकार (डिस्ट्रो) मिळतात, त्यातला मी लिनक्स मिंट टाकतो. मॅकवरच्या ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपसाठी त्यात ड्रायव्हर मॅनेजर नावाची साधी खिडकी आहे, आणि २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी असल्यामुळे २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहणार. रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. डेबियन, फेडोरा वाईट नाहीत, पण फेडोरात कर्नल सारखं नवीन येतं आणि ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर जुळेलच असं नाही. ज्या घरात दुरुस्ती करणारा माणूस रोज हजर नसतो तिथं हळू बदलणारी सिस्टिम बरी.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या, त्या माणसाला टॅली किंवा फक्त विंडोजवरच चालणारं दुसरं काही वापरायचंय का? असेल तर सरळ नाही म्हणा. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, पावत्या, पत्रं, सातबारा ऑनलाइन बघणं, यूट्यूब, अभ्यास, हे सगळं लिनक्सवर होतं.

डाउनलोड आणि पेनड्राइव्ह

मिंटची फाइल साधारण ३ जीबीच्या घरात जाते. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा मोबाईल पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा, मग ती मध्येच तुटते आणि ब्राउझर परत पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून टॉरेंटनं (तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची पद्धत) डाउनलोड करा, मिंट स्वतःच टॉरेंट देतं, त्यात काही वाकडं नाही. आज अर्धी उतरवा, रात्री बारानंतर नवीन डेटा आला की उरलेली. टॉरेंट प्रत्येक तुकडा तपासून घेतं त्यामुळे फाइल खराब उतरायची भीती पण राहत नाही. ब्राउझरनंच उतरवली असेल तर साइटवर दिलेला शा२५६ चा आकडा (फाइलची ओळखखूण) जुळवून बघा, हे टाळू नका.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार. बॅलेना एचर हे सॉफ्टवेअर विंडोजवर, मॅकवर, सगळीकडे चालतं: फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा. दुसऱ्या एखाद्या बाहेरच्या डिस्कवर काकांचे फोटो असतील तर ती आधी काढून बाजूला ठेवा, मग फ्लॅश दाबा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्हवर टाकली तर बूट होत नाही, हे दर वेळी कुणीतरी करतंच.

बूट करणं, आणि इन्स्टॉलच्या आधीची तपासणी

मशीन पूर्ण बंद. पेनड्राइव्ह लावा. चालू करा आणि 'टंग' असा आवाज आला की लगेच ऑप्शन की दाबून धरा, डिस्कांची चित्रं येईपर्यंत सोडू नका. नारिंगी रंगाचं 'ईएफआय बूट' दिसेल, ते निवडा. कधी तसली दोन दिसतात, पहिलं चाललं नाही तर दुसरं. मेनू येऊन पुढे स्क्रीन काळीच राहिली, जे जुन्या एनव्हिडियावाल्यांत होतं, तर परत चालू करून मेनूतून कम्पॅटिबिलिटी मोड निवडा.

आता डेस्कटॉप दिसेल, पण हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय, डिस्कला अजून काही झालेलं नाही. इथं घाई नको. आवाज येतो का, ब्राइटनेसच्या कीज चालतात का, ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होतं का, कॅमेरा दिसतो का ते बघा. २०१२ चा कॅमेरा आपोआप चालतो, २०१३ पासूनच्या एअरमधल्याला वेगळा ड्रायव्हर आणि फर्मवेअर घालावं लागतं, ते नंतर करता येतं. तारीख पण बघा. बॅटरी खूप दिवस पूर्ण उतरलेली असेल तर घड्याळ भलतंच साल दाखवतं आणि मग प्रत्येक वेबसाइट 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणून अडवते, तारीख नीट केली की सगळं चालू.

वायफाय बहुतेक दिसणारच नाही. घाबरू नका, त्याच्याकडे येतोच. तोपर्यंत अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. कुठलाही ड्रायव्हर न घालता मॅकला इंटरनेट मिळतं. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. २०१२ च्या प्रोला लॅनचं भोक पण आहे, घरी फायबर असेल तर राउटरची वायर थेट लावा.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर दोनदा क्लिक. मल्टिमीडिया कोडेक टाकू का विचारतं तिथं टिक करा. मग डिस्कचा प्रश्न येतो. मी 'इरेज डिस्क' निवडतो, पूर्ण साफ. मॅकओएस पण ठेवून दोन्ही चालवता येतं, त्यासाठी आधी मॅकच्याच डिस्क युटिलिटीमधून जागा मोकळी करावी लागते, पण जी सिस्टिम सुरक्षित राहिलेली नाही तिच्यासाठी लहान एसएसडीतली अर्धी जागा अडवून ठेवणं मला पटत नाही. कधी परत हवीच झाली तर इंटरनेट रिकव्हरीतून मॅकओएस आणता येते. 'इरेज' दाबायच्या आधी डिस्कचं नाव आणि आकार मोठ्यानं वाचा.

टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, आणि मग एसएसडी असेल तर चहा होईपर्यंत काम झालेलं असतं.

पहिल्यांदा चालू करताना बराच वेळ पांढरी स्क्रीन दिसली तर मॅक जुनी स्टार्टअप डिस्क शोधत बसलाय. ऑप्शन दाबून चालू करा, लिनक्सची डिस्क निवडताना कंट्रोल की दाबून धरा आणि मग एंटर मारा, ती कायमची पहिली होते.

वायफाय, म्हणजे मुख्य लढाई

मेनूत सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा आणि नेटवर्कच्या ओळीत ब्रॉडकॉमच्या पुढचा नंबर बघा. त्यावर सगळं ठरतं.

२०१२ च्या प्रोत ४३३१ असतो. फोनचं टेदरिंग चालू ठेवून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमचा एसटीए ड्रायव्हर सुचवला तर तो निवडून लावा, रीस्टार्ट. दुसरा रस्ता म्हणजे बी४३ नावाचा मोकळा ड्रायव्हर, तो कर्नलमध्येच असतो, फक्त त्याचं फर्मवेअर लागतं: सिनॅप्टिकमध्ये (सॉफ्टवेअर टाकायची मिंटमधली खिडकी) फर्मवेअर, बी४३, इन्स्टॉलर हे तीन शब्द इंग्रजीत मध्ये आडव्या रेघा देऊन शोधा आणि ते पॅकेज टाका. पुतणीच्या मशीनवर एसटीएनं वायफाय दिसलं पण दर पंधरा-वीस मिनिटांनी तुटत होतं, तो काढून बी४३ वर गेलो आणि तेव्हापासून टिकून आहे. तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं. मात्र दोन्ही एकदम ठेवू नका, एक पूर्ण काढा, मग दुसरा टाका, ते एकमेकांच्या पायात येतात.

२०१३ ते २०१७ च्या एअरमध्ये ४३६० असतो, त्याला एसटीएशिवाय पर्याय नाही. २०१२ च्या एअरमधला ४३२२४ बहुतेक वेळा आपोआप चालतो. २०१५ च्या १५ इंची रेटिना प्रोचा ४३६०२ पण तसाच, काही करायला लागत नाही.

एसटीएबद्दल एक समजून घ्या, ब्रॉडकॉमनं हा ड्रायव्हर २०१५ नंतर सोडूनच दिलाय, तेव्हापासून डिस्ट्रो सांभाळणारे लोक त्याला ठिगळं लावून नवीन कर्नलवर चालवतायत. म्हणून कधीतरी अपडेटनंतर वायफाय गायब होतं. अशा वेळी चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा (कुठलं कर्नल सुरू करायचं ते विचारणारा) मेनू आणा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं कर्नल असतं, त्यावरून बूट करा, वायफाय परत येतं. त्यासाठी जुनी कर्नलं सगळी पुसून टाकू नका आणि टाइमशिफ्ट (सिस्टिमची जुनी अवस्था जपून ठेवणारा प्रोग्राम) पहिल्याच दिवशी चालू करा. पुतणीला मी हे स्वतःच्या हातानं दोनदा करायला लावलं, आता ती मला फोन न करता करते.

काहीच जमलं नाही तर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल. घेताना चिप बघून घ्या, अथेरॉस ९२७१ वाला लिनक्सवर लावला की चालतो. दुकानातला सगळ्यात स्वस्त डोंगल उचललात तर परत ड्रायव्हरच शोधत बसाल.

उष्णता आणि बॅटरी

नवीन इन्स्टॉलनंतर आईनं मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जळता काय रे तां?" बरोबर होतं तिचं. मॅकचा पंखा लिनक्समध्ये बराच उशिरा जागा होतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एमबीपीफॅन शोधून टाका, तो मागे राहून तापमान बघत पंखा वेळेत वाढवतो. एवढ्यावर पण तापत असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडू झालेली असणार, ती बदला, किंवा बदलणाऱ्याकडे द्या. बॅटरी जास्त टिकावी म्हणून टीएलपी टाका, त्यात काही सेटिंग करायची गरज नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला बोट लावलं की झिणझिण लागते का? दोन पिनांच्या चार्जरवर आणि अर्थिंग नसलेल्या घरात हे होतंच. तीन पिनांची लांब वायर लावा, आणि घराचं अर्थिंग बघून घ्या. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओलावा राहत नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी घालायचं.

कीबोर्ड आणि मराठी

वरच्या ओळीतल्या कीज सुरुवातीला ब्राइटनेस-आवाजाचं काम करतात, एफ५ वगैरे हवं तर एफएन दाबायला लागतं. ज्यांना उलटं हवंय त्यांनी हिड-अ‍ॅपल या मॉड्यूलच्या (कीबोर्ड चालवणारा कर्नलचा तुकडा) एफएनमोड या सेटिंगची किंमत २ करायची. कमांड आणि ऑप्शनची अदलाबदल पण त्याच मॉड्यूलमधून होते.

मराठीसाठी: कीबोर्ड सेटिंग, लेआउट्स, अधिकच्या चिन्हावर क्लिक, आणि यादीत मराठी शोधा. कागप फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट (सरकारनं ठरवलेली भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) असे प्रकार दिसतील. ज्यांनी मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय लावलीय त्यांना फोनेटिक दोन दिवसांत जमतं. पण पुतणीला मी इनस्क्रिप्टच दिलं, आठवडाभर कुरकुर केली तिनं, मग हात बसला.  भाषा बदलायची शॉर्टकट की त्याच खिडकीत ठरवा. लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली पत्रिका किंवा अर्ज कुणी पाठवला तर मात्र अक्षरांचा गोंधळ दिसेल, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं.

पावसाळ्यात

मे संपत आला की मी घरातल्या मशीनची एक फेरी करतो. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. वापरात नसेल तरी आठवड्यातनं दोनदा तासभर चालू ठेवा, स्वतःच्या उष्णतेनं तो आतून सुकतो. भिंतीला टेकवून किंवा कौलाच्या पागोळ्यांच्या बाजूच्या खिडकीत ठेवायचा नाही. विजा कडकडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि लॅनची वायर लावलेली असेल तर तीही.

पुतणीचं मशीन आता बॅटरीवर साधारण साडेचार तास जातं. डीव्हीडीचा ड्राइव्ह तेवढा अजून घरघर करतो आणि डिस्क ओळखत नाही. दिवाळीत तो काढून त्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क बसवणार आहे, काकांचे फोटो त्यातच आहेत.